आधी नकाशा, मग शोध

शाळा सुरू होऊन महिना उलटला की घराघरांतून एकच हाक ऐकू येते, 'आई, प्रोजेक्ट आहे!' मग कार्डशीट, स्केचपेन, डिंक यांची जमवाजमव सुरू होते. आणि माहिती? ती काय, मोबाइलवर मिळतेच! गेल्या पावसाळ्यात आमच्याही घरी हेच झाले. नात नववीत. विषय मिळाला 'मलप्रभा नदी'. तिने मोबाइलवर नदीचे नाव इंग्रजीत टाकले, वरवरची तीन-चार पाने उघडली, दिसेल ते उतरवून घेतले आणि कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानातून रंगीत चित्रे छापून आणली. एका संध्याकाळीत बावीस पानांची फाइल तयार! वर सोनेरी लेस. घरातल्या सगळ्यांनी कौतुक केले. मीही केले.

शाळेत मात्र बाईंनी फाइल मिटून बाजूला ठेवली आणि एकच प्रश्न विचारला, 'खानापुरात एवढा पाऊस पडतो, तरी मलप्रभेच्या धरणाला पाणी कमी का पडते?' नात गप्प. बावीस पानांत त्याचे उत्तर नव्हते, की होते पण तिने ते वाचले नव्हते, हे तिचे तिलाही सांगता आले नाही. घरी आल्यावर ती रडली नाही. पण जे बोलली ते मला जास्त लागले. 'आज्जी, मला शोधायलाच येत नाही. मला डोकंच नाही बघ.'

गोंधळ म्हणजे अडाणीपणा नव्हे

माझी सारी नोकरी वाचनालयात गेली. तिथे येणारी मुले दोन प्रकारची असत. एक म्हणायचा, 'शिवाजी महाराजांवर काहीतरी द्या.' दुसरा म्हणायचा, 'राजाराम महाराजांनी जिंजीहून कारभार कसा चालवला, ते हवंय.' पहिल्याला दहा पुस्तके दिली तरी तो गोंधळलेलाच परत जायचा. दुसऱ्याचे एका पुस्तकात काम व्हायचे. हा फरक हुशारीचा नव्हता. आपल्याला काय ठाऊक आहे आणि नेमके काय ठाऊक नाही, याचा हिशेब दुसऱ्याने आधीच केलेला असायचा, एवढेच. वाचनालयाची जागा मोबाइलने घेतली म्हणून हा फरक काही पुसला गेलेला नाही. उलट तो वाढला आहे. मी त्या पहिल्या मुलाला निदान 'बाळ, तुला नक्की काय हवंय?' असे विचारत तरी होते. मोबाइल विचारत नाही. तो हजारो पाने पुढ्यात टाकून मोकळा होतो.

अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठाच्या कॅरोल कूल्थाऊ या मूळच्या शालेय ग्रंथपाल. हायस्कूलची मुले प्रकल्पासाठी माहिती कशी शोधतात, याचा त्यांनी १९८० च्या दशकात बारकाईने अभ्यास केला. त्यांना असे दिसले की, विषय ठरला की मुलांना हुरूप येतो, पण प्रत्यक्ष शोधायला लागल्यावर गोंधळ कमी न होता वाढतो. एक पान एक सांगते, दुसरे दुसरेच. विषयाचा नेमका रोख सापडल्यावरच तो गोंधळ ओसरतो आणि आत्मविश्वास येतो. म्हणजे मधला गोंधळ हा शोधाचाच एक टप्पा आहे. आमच्या नातीने आणि तिच्यासारख्या असंख्य मुलांनी हे ऐकायला हवे. डोके नाही म्हणून गोंधळ होत नाही. रोख सापडायच्या आधी मुले उतरवून घ्यायला बसतात, म्हणून तो संपत नाही.

हा रोख सापडवायचा कसा? त्यासाठी एक साधे साधन आहे, ते म्हणजे 'संकल्पना नकाशा'.

कागदावरचे डोके

१९७२ च्या सुमाराची गोष्ट. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोव्हाक आणि त्यांचे सहकारी लहान मुलांना विज्ञान कसे कळत जाते, ते पाहत होते. मुलांच्या मुलाखतींचे ढीगभर कागद जमले. त्यातून मुलाच्या समजुतीत कुठे बदल झाला, ते शोधणे अवघड होऊन बसले. तेव्हा त्यांनी प्रत्येक मुलाला काय कळले आहे, ते चौकटी आणि रेघा काढून मांडायला सुरुवात केली. त्यामागे डेव्हिड ऑसुबेल या मानसशास्त्रज्ञाचा विचार होता. मूल नवे काही शिकते ते त्याला आधी ठाऊक असलेल्या गोष्टीला जोडून शिकते, हा तो विचार. पुढे १९८४ मध्ये नोव्हाक आणि बॉब गोविन यांनी या पद्धतीवर पुस्तक लिहिले आणि ती जगभरच्या शाळांत पोचली.

नकाशाची रीत सोपी आहे. एकेक कल्पना एकेका चौकटीत लिहायची. दोन चौकटी रेघेने जोडायच्या आणि त्या रेघेवर जोडशब्द लिहायचा. हा जोडशब्द म्हणजे नकाशाचा जीव. 'मलप्रभा' आणि 'कणकुंबी' यांच्यामध्ये नुसती रेघ ओढली तर तिला अर्थ नाही. रेघेवर 'उगम पावते' असे लिहिले की वाक्य तयार होते. वाक्य झाले की ते खरे की खोटे, हे तपासता येते. टोनी बुझान यांनी १९७० च्या दशकात लोकप्रिय केलेला 'माइंड मॅप' बऱ्याच मुलांना ठाऊक असतो. मधे विषय आणि चहूकडे रंगीत फांद्या. तो आठवण ठेवायला छान. पण त्याच्या फांद्यांवर सहसा एकेकटे शब्दच असतात, दोन गोष्टींचे नाते काय ते लिहायची सक्ती नसते. संकल्पना नकाशात ती असते. आणि नाते लिहिता आले नाही की तिथेच मुलाला आपले अज्ञान सापडते!

कॅलेंडरच्या पाठीवर मलप्रभा

त्या रात्री जेवणे झाल्यावर मी जुन्या वर्षाच्या कॅलेंडरचे एक पान काढले. पाठ कोरी होती. नातीला म्हटले, 'मोबाइल राहू दे तिकडे. बाईंनी विचारलेला प्रश्न वर लिही.' नोव्हाक यांच्या पद्धतीत नकाशाच्या डोक्यावर एक मुख्य प्रश्न असतो, नुसता विषय नसतो. 'मलप्रभा नदी' हा विषय झाला. 'धरणाला पाणी कमी का पडते?' हा प्रश्न झाला. विषयाला अंत नसतो, प्रश्नाला असतो.

मग ठाऊक असलेले शब्द कोपऱ्यात लिहून काढले. मलप्रभा, कणकुंबी, पाऊस, धरण, कालवा, शेती, हुबळी-धारवाड, कृष्णा. एकेक शब्द जागेवर नेऊन ती जोडू लागली. मलप्रभा कणकुंबीला 'उगम पावते'. सौंदत्तीजवळ नविलतीर्थ धरणाने 'अडवली आहे'. सुमारे ३०० किलोमीटर वाहून कूडलसंगमला कृष्णेला 'मिळते'. धरण हुबळी-धारवाडला पाणी 'पुरवते'. इथपर्यंत गाडी सुसाट गेली. तेवढ्यात सूनबाई हात पुसत आली. ती धारवाडची, तिचे माहेर कन्नड. म्हणाली, 'नविलु म्हणजे मोर, ठाऊक आहे ना?' नातीने लगेच धरणाच्या चौकटीत छोटा मोर काढला.

पण 'पाऊस' आणि 'धरण' यांच्यात रेघ ओढून ती थांबली. जोडशब्द सुचेना. 'पाऊस पडतो म्हणजे धरण भरतं... पण भरत नाही ना!' मी म्हटले, 'मग तिथे प्रश्नचिन्ह काढ. हेच तुला शोधायचंय.' बावीस पानांनी जे केले नव्हते, ते त्या एका प्रश्नचिन्हाने केले. आता ती नदीची सगळी माहिती शोधत नव्हती. पाऊस आणि धरण यांच्यामधली एकच रेघ शोधत होती.

शोधशब्द बदलला. 'मलप्रभा नदी'ऐवजी तिने 'मलप्रभा पाणलोट क्षेत्र पाऊस' असे टाकले. अर्ध्या तासात उलगडा होऊ लागला. मुसळधार पावसाचा पट्टा म्हणजे खानापूरच्या पश्चिमेचा घाटमाथा. तिथून पूर्वेला सरकावे तसा पाऊस झपाट्याने कमी होतो, आणि धरण आहे ते पूर्वेला. शिवाय त्याच घाटमाथ्यावर पश्चिम उतारावर पडणारे पाणी मलप्रभेत येतच नाही. ते म्हादईतून गोव्यात जाते, तिथे मांडवी होते आणि पणजीपाशी अरबी समुद्राला मिळते. एकाच तालुक्यातला पाऊस, पण अर्धा कृष्णेवाटे बंगालच्या उपसागरात आणि अर्धा गोव्याकडे! त्यात कालव्यांवरची शेती आणि हुबळी-धारवाडसारखी वाढती शहरे यांची मागणी. नकाशात 'म्हादई' ही नवी चौकट आली आणि तिच्यापासून मलप्रभेपर्यंत एक आडवी रेघ गेली. तिच्यावर नातीने लिहिले, 'कळसा-बंडुरी'. या दोन नाल्यांचे पाणी मलप्रभेत वळवायच्या योजनेवरूनच कर्नाटक आणि गोवा यांच्यात वाद पेटला. २०१० मध्ये लवाद नेमला गेला आणि २०१८ मध्ये निवाडा आला. रोज बातम्यांत ऐकलेला तो वाद आपल्या प्रोजेक्टचाच भाग आहे, हे तिला तेव्हा कळले.

दूरच्या दोन चौकटी जोडणाऱ्या अशा आडव्या रेघांना या पद्धतीत फार मोल आहे. समज खोल झाल्याची ती खूण मानतात.

पाच खिडक्या

प्रश्नचिन्ह सापडले तरी शब्द सुचत नाहीत, ही मुलांची पुढची अडचण. इथे आपल्या देशाच्या ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. शि. रा. रंगनाथन मदतीला येतात. मद्रासमध्ये गणित शिकवणारा हा माणूस ग्रंथपाल झाला, १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले आणि १९३३ मध्ये स्वतःची वर्गीकरण पद्धती दिली. आयुष्याची अखेरची वर्षे ते बेंगळुरात होते. कोणताही विषय पाच बाजूंनी उलगडता येतो, असे त्यांनी दाखवले. मुलांच्या भाषेत सांगायचे तर मुख्य वस्तू कोणती, ती कशाची, तिथे काय घडते, कुठे आणि केव्हा?

नातीने चौकटींना हे पाच प्रश्न लावले, तेव्हा 'कुठे' आणि 'केव्हा' यांनीच मोठी मजा केली. धरणाच्या बांधकामाची जुनी माहिती 'कर्नाटक' शब्दाने नीट मिळेना. मिळणार कशी? राज्याचे नाव १ नोव्हेंबर १९७३ पर्यंत म्हैसूर होते! नरगुंद आज गदग जिल्ह्यात आहे, पण १९९७ पूर्वीच्या कागदांत ते धारवाड जिल्ह्यात सापडते. कूडलसंगम आज बागलकोटात, आधी विजापुरात. आपल्या गावाचे इंग्रजी स्पेलिंग २०१४ मध्ये बदलले, म्हणून जुने इंग्रजी कागद 'बेलगाम' या स्पेलिंगने शोधावे लागतात. १८८४ मध्ये निघालेले बेळगाव जिल्ह्याचे गॅझेटियर तर मुंबई इलाख्याच्या नावाने आहे. 'केव्हा' ठरले की 'कुठे'चे नावही बदलते, हे ज्याला कळले त्याचा शोध अडत नाही.

दोन भाषांचे दुहेरी जाळे

आता खास आपल्या घरांविषयी. आपल्याकडची मुले घरात मराठी, गल्लीत कन्नड, शाळेत इंग्रजी अशा तीन पायऱ्यांवर वाढतात. पुष्कळ पालकांना वाटते, यामुळे मुलांचा गोंधळ होतो. मला तर उलटे दिसले. नकाशातल्या प्रत्येक चौकटीत नातीने तीन नावे लिहिली. धरण, अणेकट्टु, डॅम. एका शब्दाने एक जाळे टाकता येते, तीन शब्दांनी तीन. 'म्हादई' शोधले तर गोव्याची बाजू पुढे आली. 'महादायी' असे कन्नडमध्ये शोधले तर नरगुंद-नवलगुंदच्या शेतकऱ्यांची बाजू आली. एकाच पाण्याच्या दोन कहाण्या! एकच भाषा येणाऱ्या मुलाला त्यातली एकच कळली असती.

सावधपणा मात्र हवा. सारखे दिसणारे शब्द फसवतात. आपल्या मराठीत 'प्रवाह' म्हणजे वाहती धार. कन्नड वृत्तपत्रात 'प्रवाह' म्हणजे पूर! नातीने आईकडून हा शब्द कन्नडमध्ये टाइप करून घेतला, तेव्हा ऑगस्ट २०१९ मधल्या महापुराच्या बातम्या धडाधड उघडल्या. पट्टदकलच्या चालुक्यकालीन देवळांत मलप्रभेचे पाणी शिरल्याच्या त्या बातम्या. तिला ते हवे नव्हते, पण तिने ते टाकूनही दिले नाही. कोपऱ्यात वेगळी चौकट करून ठेवले.

मग सूनबाईने नवलगुंदकडे राहणाऱ्या आपल्या वडिलांना फोन लावला. 'कालवा' आणि 'शेती' यांच्यामधला जोडशब्द कोणता, असे नातीने अज्जांना कन्नडमध्ये विचारले. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, 'पाणी नीट पोचलं नाही, पण कर पोचला.' १९८० च्या जुलैत मलप्रभेच्या लाभक्षेत्रातले शेतकरी याच रागाने रस्त्यावर उतरले होते. नरगुंद आणि नवलगुंदला गोळीबार झाला, माणसे गेली. अज्जा तेव्हा तरुण होते. इतक्या वर्षांत त्यांनी हे नातीला कधी सांगितले नव्हते, कारण तिने कधी विचारले नव्हते. विचारायला जागा लागते. ती नकाशातल्या मोकळ्या रेघेने दिली.

आयते उत्तर आणि रेघेवरची खूण

आता वाचक म्हणतील, एवढा खटाटोप कशाला? हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेची ॲप आहेत, प्रश्न विचारला की सुंदर परिच्छेद हातात. खरे आहे. आम्हीही विचारून पाहिले. एका ॲपने झोकात सांगितले की मलप्रभेवरचे धरण हिडकल. हिडकल तर घटप्रभेवर! ज्या मुलीने नकाशा काढला होता तिने हे चटकन पकडले, कारण तिच्या कागदावर तशी रेघ बसेना. नकाशा नसता तर तेही सोनेरी लेस लावून फाइलीत गेले असते.

म्हणून आम्ही एक नियम केला. प्रत्येक रेघेवर ती कुठून कळली त्याची खूण करायची. विश्वकोशाला 'वि', वृत्तपत्राला 'वृ', सरकारी कागदाला 'स', घरच्या माणसाला 'घ', ॲपला 'ॲ'. नुसता 'ॲ' असलेली रेघ पेन्सिलीने काढायची. दुसरी खूण मिळाली की शाईने. अज्जांच्या रेघेवर 'घ' होते. वृत्तपत्रातला मजकूर सापडल्यावर त्याच्या शेजारी 'वृ' आले, तेव्हा नातीला झालेला आनंद पाहण्यासारखा होता.

घरी करून पाहा

यासाठी संगणक लागतोच असे नाही. ज्यांच्याकडे आहे त्यांच्यासाठी फ्लोरिडातल्या एका संशोधन संस्थेने तयार केलेले 'सीमॅपटूल्स' आहे. ते खास संकल्पना नकाशांसाठीच बनवले असून फुकट मिळते. त्यात चौकटी सरकवता येतात, हा फायदा. पण कॅलेंडरची पाठ, शिसपेन आणि खोडरबर यांवरही काम उत्तम होते. शब्द चिठ्ठ्यांवर लिहिले तर त्याही सरकवता येतात.

पालकांनी एवढेच करावे. विषय आला की त्याचा प्रश्न करायला लावा. पहिली पंधरा मिनिटे मोबाइल बाजूला ठेवून ठाऊक असलेले दहा-बारा शब्द जोडू द्या. चुकले तरी हटकू नका, चुकीची रेघ शोधातून मुलालाच पुसू दे. जोडशब्द अडला तिथे प्रश्नचिन्ह काढू द्या आणि त्याच्या दोन्ही टोकांच्या चौकटींतले शब्द मिळून शोध घ्या. नेमके तेच शब्द हवे असतील तर ते अवतरणचिन्हांत टाकायचे, नको असलेला शब्द वजाचे चिन्ह लावून गाळायचा. शोध झाला की पुन्हा नकाशाकडे यायचे. पहिला नकाशा फेकू नका. शेवटच्या नकाशाशेजारी तो ठेवला की आपण काय शिकलो, ते मुलाला डोळ्यांनी दिसते. आणि कृपा करून नकाशा तुम्ही काढून देऊ नका! आईने काढलेल्या सुबक नकाशात आईचे ज्ञान असते, मुलाचे नव्हे.

आमच्या नातीने आठवड्याने बाईंकडे वेळ मागितली. फाइल नेली नाही. चार ठिकाणी खोडलेले, एका कोपऱ्यावर आमटीचा डाग पडलेले कॅलेंडरचे पान नेले आणि त्यावर बोट ठेवून उत्तर सांगितले. गुण किती मिळाले ते मी विचारले नाही. पण घरी आली ती नवा कागद मागतच.

'आता कशाला गे?'

'पाणी कमी पडतं हे कळलं, आज्जी. पण मग २०१९ ला पूर कसा आला? त्या कोपऱ्यातल्या चौकटीला अजून रेघच नाही.'

मी पुढच्या महिन्याचे पान फाडून दिले.